नाताळच्या बैठकीसाठी बिअर निवडताना: लेबलवरचं चित्र सोडा, टक्के वाचा

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: बारा जणांची बैठक, संध्याकाळी सुरू होऊन जेवण आणि केकपर्यंत चालणारी. निम्मे बिअरवाले, तीन-चार वाइनवाले, दोघं अजिबात न घेणारे. आणि सगळ्यांसाठी मिळून ‘ख्रिसमस एल’ (एल म्हणजे जरा उबदार तापमानाला आंबवलेली बिअर) लिहिलेल्या बिअरचा एक अख्खा क्रेट उचलायचा, जमलं तर गरम वाइनही करायची, असा तुमचा बेत आहे.

क्रेट उचलू नका. गरम वाइन मात्र जरूर करा.

‘ख्रिसमस’ हा बिअरचा प्रकार नाही, नुसता हंगाम आहे. लेबलवर बर्फ आणि लाल टोपीवाला म्हातारा तोच असला, तरी आतला माल पार वेगळा निघतो. डेन्मार्कची टुबोर्ग युलेब्रिग ही ५.६ टक्के अल्कोहोलची, जराशी गडद, गोडसर लागर (थंडाव्यात सावकाश आंबवलेली बिअर). गप्पांच्या ओघात दोन सहज जातात. अमेरिकेतली सिएरा नेवाडा सेलिब्रेशन १९८१पासून निघते, पण तिच्यात मसाला औषधालाही नाही. ती ताज्या हॉप्सची (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) कडवट आयपीए, म्हणजे हॉप्स भरपूर घातलेली एल आहे, आणि ताजी असतानाच प्यायची. बेल्जियमची सेंट बर्नार्डस ख्रिसमस एल १० टक्क्यांची, काळपट, मनुका-अंजिराच्या वळणाची. ऑस्ट्रियाची सामिक्लाउस तर थेट १४ टक्के! ती वर्षातून एकदाच, ६ डिसेंबरला म्हणजे सेंट निकोलसच्या दिवशी बनवायला घेतात आणि मग दहा महिने मुरत ठेवतात. या नाताळात उघडाल ती बाटली निदान गेल्या डिसेंबरातली असते. या चारही ‘नाताळच्या’ बिअर, पण एकीच्या जागी दुसरी दिली तर पाहुणे एकतर तोंड वाकडं करतील किंवा जेवणाआधीच आडवे होतील.

(नाताळासाठी खास बिअर करायची खोड फार जुनी. नॉर्वेच्या मध्ययुगीन गुलातिंग कायद्यात शेतकऱ्यांना ती करणं सक्तीचं होतं, नाही केली तर दंड. आपल्यावर सक्ती नाही, तेव्हा निवडून घेऊ.)

आता हिशेब बघा. ५ टक्क्यांच्या ५०० मिलीमध्ये २५ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. १० टक्क्यांच्या ७५० मिलीच्या बाटलीत ७५ मिली, म्हणजे तसल्या तीन बाटल्यांइतकं. शिवाय या बिअर गोडसर असल्यामुळे जोर जिभेला कळत नाही, गुडघ्यांना कळतो. क्रेट समोर असला की माणूस नेहमीच्या वेगाने पितो, आणि नऊ वाजता त्याला तुमच्याच सोफ्यावर झोपवावं लागतं.

म्हणून माझी मांडणी अशी. बैठकीचा मुख्य भार ५ टक्क्यांच्या आसपासच्या साध्या, चांगल्या बिअरवर टाका. लागर किंवा तांबूस एल, चकण्याबरोबरही चालेल आणि भाजलेल्या कोंबडीबरोबरही. खास बिअर म्हणून ७५० मिलीच्या दोन बाटल्या पुरे, आणि त्या केक येईपर्यंत बंद ठेवायच्या. गडद बेल्जियन बिअर आणि सुक्या मेव्याचा केक एकत्र आले की दोघांचीही चव खुलते. खारट निळं चीज मिळालं तर अजूनच बहार. हीच बिअर जेवणाआधी दिली तर पुढच्या प्रत्येक घासाची चव झाकून टाकते.

मसाल्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. संत्र्याची साल, धणे, जायफळ हे मागे कुठेतरी जाणवावं, पुढे येऊन बोलू नये. दालचिनीचा मारा केलेली बिअर पहिल्या घोटाला वा म्हणावीशी वाटते, अर्ध्या ग्लासनंतर संपता संपत नाही. लेबलवर मसाल्यांची लांबलचक यादी दिसली तर आधी एकच बाटली आणून चाखा. वर उल्लेख केलेल्यांपैकी काहींना तर मसाल्याची गरजच पडत नाही. तो मनुकांचा सुगंध माल्ट (मोड आणून सुकवलेलं धान्य) आणि यीस्टमधूनच येतो.

ओतण्याकडे लक्ष द्या, इथेच बहुतेक जण घाई करतात. अशा बऱ्याच बाटल्यांच्या तळाशी यीस्टचा गाळ असतो. बाटली आदल्या दिवशीपासून उभी ठेवा आणि देण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रिजबाहेर काढा. १० ते १३ अंश सेल्सियसला ती खरी बोलायला लागते; बर्फगार प्यायलात तर सुगंध आणि चव दबून जाईल. सगळे ग्लास ओळीत मांडून बाटली एकदा तिरकी केली की मध्ये सरळ करायची नाही, एका दमात ग्लासमागून ग्लास भरत जायचं. बाटली हिसकली की गाळ वर उसळतो. गळ्याशी गढूळ धार दिसली की थांबा, तळाचं बोटभर तसंच राहू द्या. गाळाने काही बिघडत नाही, काही जण तो मुद्दाम शेवटी पितात, पण चव आणि रंग बदलतो. ग्लास वाइनचाच घ्या, निम्मा भरा. एका बाटलीत सहा जण आरामात होतात.

वाइनवाल्यांसाठी थोडक्यात. ब्रूट (म्हणजे कोरडी, कमी गोड) शॅम्पेन किंवा तशी फसफसती वाइन सुरुवातीला द्या, केकबरोबर नको. ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, गोड केकसमोर ती आंबट ढाण लागते. केकबरोबर फसफसतं हवंच असेल तर गोडसर डेमी-सेक घ्या (लिटरला ३२ ते ५० ग्रॅम साखर), किंवा इटलीची गोड मोस्कातो द’आस्ती, जिच्यात अल्कोहोलही जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास असतं. पोर्ट (पोर्तुगालची गोड, जोरकस वाइन) आणणार असाल तर टॉनी, म्हणजे लाकडी पिंपात मुरलेली आणा. उघडल्यावर ती काही आठवडे टिकते. व्हिंटेज पोर्ट (एकाच वर्षाच्या द्राक्षांची, बाटलीत मुरलेली) आधी गाळून घ्यावी लागते आणि एक-दोन दिवसांत संपवावी लागते, बाराजणांच्या गडबडीत तो उपद्व्याप कशाला.

गरम वाइनला महागडी बाटली वाया घालवू नका. तरुण, फळांच्या चवीची, फार तुरट नसलेली लाल वाइन घ्या. मसाला वाइनमध्ये उकळायचा नाही. आधी साखर, थोडं पाणी, संत्र्याची साल, दालचिनी आणि चार-पाचच लवंगा यांचा पाक करून घ्या (लवंग जास्त झाली की जीभ बधिर). पाक गाळून मंद आचेवर वाइनमध्ये मिसळा. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, त्यामुळे पृष्ठभागावर वाफ दिसू लागली आणि कडेला एकही बुडबुडा नाही, तिथेच गॅस अगदी बारीक करायचा. खदखदू दिलीत तर सुगंध उडून जातो आणि उरतो तो कडवट काढा. दोन बाटल्यांत दहाएक छोटे कप होतात.

हाच पाक थोडा जास्त करा आणि दुसऱ्या पातेल्यात सफरचंदाच्या रसात घाला. न पिणाऱ्या दोघांच्या हातातही तसाच वाफाळता कप येतो, कोपऱ्यात कोला धरून बसावं लागत नाही. कॅरिबियन बेटांवर नाताळात सॉरेल करतात, तेही सोपं आहे: लाल अंबाडीची सुकी बोंडं, आलं आणि लवंग गरम पाण्यात रात्रभर मुरवायची, सकाळी गाळून साखर घालायची. ज्याला हवी तो आपल्या ग्लासात रम ओततो. स्वीडनमध्ये युलमुस्ट नावाचं माल्ट आणि हॉप्स घातलेलं बिनअल्कोहोलचं फसफसतं पेय १९१०पासून आहे. मिळालं तर जरूर घ्या. बिनअल्कोहोलच्या बिअरच्या बाबतीत एक खबरदारी: अनेक देशांत ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलेली बिअर त्याच नावाने विकता येते. तुमचे पाहुणे धर्मामुळे किंवा औषधामुळे घेत नसतील तर ०.० लिहिलेलीच आणा.

एगनॉगचं तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणीतरी सुचवणारच. केलंत तर अंडं-दुधाचं मिश्रण सतत ढवळत ७१ अंशांपर्यंत तापवून मग थंड करा, कच्च्या अंड्याचं गर्भवती बाईला किंवा लहान मुलांना देऊ नका. आणि ते जड असतं, त्या दिवशी दुसऱ्या कशाबरोबर नको.

गाडी कोण चालवणार हे त्या १० टक्केवाल्या बाटल्या उघडायच्या आधी विचारून घ्या. जेवणात कोंबडी आहे, डुकराचं मांस आहे की सगळं शाकाहारी, तेवढं कळवा. मुख्य बिअर लागर घ्यायची की तांबूस एल, ते त्यावर ठरेल.