फॉगर चालू, तरी फुले गळतात

प्रश्न : नैसर्गिक वायुवीजनाच्या पॉलिहाऊसमध्ये ढोबळी मिरची आहे. दुपारी आतले तापमान ४० अंशांवर जाते. गारवा टिकावा म्हणून बाजूचे पडदे बंद करून फॉगर (धुक्यासारखे बारीक तुषार उडवणारे नोझल) चालवतो. तरी फुले गळतात आणि कोवळ्या पानांच्या कडा करपतात. फॉगर वाढवावेत का?

उत्तर : वाढवू नका, आधी पडदे उघडा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. फॉगरचा गारवा तो एवढाच. दमट झालेली हवा बाहेर गेली नाही तर थोड्याच वेळात आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात जाते. मग थेंबांची वाफ न होता ते पानांवर बसतात. गारवा थांबतो, बुरशीला मात्र आमंत्रण मिळते. पानांतले बाष्पोत्सर्जनही मंदावते. कॅल्शियम पाण्याच्या ओढीनेच वर चढतो. ओढ कमी झाली की तो शेंड्यापर्यंत पुरत नाही आणि कडा करपतात. अशा वेळी नुसती कॅल्शियमची फवारणी म्हणजे वरवरची मलमपट्टी.

पडदे आणि छताची खिडकी उघडी ठेवून फॉगर ३० सेकंद चालवा. पाने कोरडी झाल्याशिवाय पुढची पाळी नको. आर्द्रता ६० टक्क्यांखाली असेल तरच सुरू करा, ८० च्या आसपास थांबवा. बंद केल्यावर फॉगर ठिबकत असेल तर गळतीरोधक झडप खराब झाली आहे असे समजा. पाणी जड असेल तर पानांवर पांढरे डाग पडतात, छिद्रेही बुजतात.

आता फुलगळीकडे. रात्रीचे तापमान २४ अंशांच्या वर राहिले की ढोबळीची फुले गळू लागतात. हिवाळ्यातल्या सवयीने संध्याकाळी पडदे ओढले जात असतील तर ती सवय आधी सोडा. उन्हाळ्यात वादळ-पाऊस सोडला तर रात्रभर उघडेच बरे.

कीटकरोधक जाळीवर धूळ बसली असेल तर पडदे उघडूनही हवा खेळत नाही. जाळी पाण्याच्या फवाऱ्याने धुवून पाहा. बऱ्याचदा दोष इथेच सापडतो.

प्रश्न : शेडनेट आत लावावे की छतावर?

उत्तर : बाहेर, प्लॅस्टिकपासून निदान ३० सेंटिमीटर वर. आतले काळे नेट ऊन अडवते खरे, पण स्वतः तापून ती उष्णता आतच सोडते. आतच लावायचे असेल तर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे, परावर्तन करणारे घ्या. ३५ ते ५० टक्के सावली पुरे. त्याहून दाट नेटखाली फांद्या लांबतात, फळे कमी लागतात. ढगाळ दिवशी गुंडाळता येईल अशीच सोय करा.

प्रश्न : पॅड-फॅन (एका टोकाला ओले पॅड, दुसऱ्या टोकाला हवा ओढणारे पंखे) बसवला तर सगळीकडे सारखाच फायदा होईल का?

उत्तर : नाही. बाहेर ३८ अंश आणि ३० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फुग्याचे तापमान (पाण्याची वाफ होऊन हवा जास्तीत जास्त जिथवर गार होऊ शकते ते) २४.५ अंशांच्या आसपास येते. ८० टक्के कार्यक्षमतेचे पॅड हवा २७ अंशांपर्यंत उतरवते. दमट हवामानात, ३३ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत, तेच पॅड हवा जेमतेम अडीच अंशांनी उतरवते. तिथे खर्च सावली आणि उंच छतावर करावा. पॅडपासून पंख्यापर्यंत जाताना हवा पुन्हा तापत जाते, त्यामुळे पंख्याकडची झाडे नेहमीच जास्त होरपळतात. तापमापक तिथे, झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर आणि सावलीच्या खोक्यात टांगा. उन्हात टांगलेला काही अंश जास्तच दाखवतो.