फ्रेंच डिझायनर जाँ प्रुव्हेची साधी पत्र्याची खुर्ची लिलावात लाखोंना का जाते? तिच्यात असं काय आहे?

किंमत घटकाभर बाजूला ठेवा आणि खुर्ची कडेने बघा. पुढचे पाय बारीक नळीचे. मागचे मात्र पत्रा दुमडून केलेले, आतून पोकळ, सीटपाशी चांगले रुंद आणि खाली-वर निमुळते.

माझ्या वडिलांचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप होतं. दुरुस्तीला येणाऱ्या लोखंडी खुर्च्या बहुतेक एकाच जागी मोडलेल्या असायच्या: मागचा पाय सीटला मिळतो तिथे. माणूस रेलतो, मागच्या दोन पायांवर झुलतो, सगळा भार तिथेच येतो. प्रुव्हेने नेमका तिथेच माल घातला आणि बाकीकडून काढून घेतला. सपाट पत्रा लवतो, दुमडला की ताठ होतो, हे कुठल्याही फॅब्रिकेटरला ठाऊक असतं. त्यातून इतकी देखणी खुर्ची काढणं वेगळं.

प्रुव्हे मुळात लोहारकाम शिकलेला. वडील चित्रकार, गाव फ्रान्समधलं नान्सी. १९२४ मध्ये तिथेच त्याने स्वतःचं वर्कशॉप काढलं आणि १९३४ मध्ये ही खुर्ची केली. युद्धात पोलाद मिळेना, तर तीच लाकडात केली! १९४७ मध्ये गावाशेजारी माक्सेव्हिलला कारखाना उभारला, पण भांडवल घालणाऱ्या अॅल्युमिनियम कंपनीच्या हाती सूत्रं गेली आणि १९५३ मध्ये तो बाहेर पडला.

आता किंमत. हे फर्निचर दिवाणखान्यासाठी नव्हतंच. वसतिगृहं, कार्यालयं, कँटीन इथे ते वापरलं गेलं, झिजलं आणि पुष्कळसं भंगारातही गेलं. पुढे पॅरिसच्या काही डीलरांनी उरलेलं शोधून गोळा केलं, मग संग्राहक आले. चंडीगडच्या सागवानी खुर्च्यांचीही हीच कथा. तिथे स्विस वास्तुरचनाकार पिएर जनेरेने सरकारी कार्यालयांसाठी केलेल्या खुर्च्या आपणच कवडीमोलाने काढून टाकल्या, आणि परदेशातल्या लिलावांतले आकडे बघून जागे झालो. तेव्हा लाखोंचा भाव हा दुर्मिळतेचा आणि नावाचा, असं माझं मत. खुर्चीच्या गुणाशी त्याचा संबंध थोडाच; नवी असताना तिच्यात हे सगळे गुण होतेच की.

बसायलाच हवी असेल तर व्हिट्रा कंपनी २००२ पासून तिची नवी आवृत्ती काढते. तीही स्वस्त नाही, पण मागचा पाय तसाच आहे.