वाचकांचे प्रश्न : पॉलिप नाकातला, तळ्यातला आणि मंगळसूत्रातला

प्रश्न (खानापूर तालुका): मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात हायड्रा या तळ्यातल्या इवल्या जिवाला ‘पॉलिप’ म्हटलंय. त्याच आठवड्यात सासऱ्यांच्या नाकाच्या स्कॅनच्या रिपोर्टमध्येही ‘पॉलिप’ आलं. ते तरुणपणी गावच्या तळ्यात पोहायचे. तोच प्राणी नाकात शिरून वाढला का?

उत्तर: नाही. नाकातला पॉलिप हा प्राणी नाही. नाकाच्या आतलं अस्तर सुजून, पाणी भरून लोंबायला लागतं, तेच ते. गोंधळ नावाचा आहे. ग्रीक भाषेत ‘पॉलिपूस’ म्हणजे पुष्कळ पायांचा, म्हणजे ऑक्टोपस. ग्रीक वैद्यांनी हे नाव नाकातल्या वाढीला दिलं. ती काढायला ते स्पंजाचा तुकडा दोऱ्याला बांधून नाकातून घशाकडे ओढत. तळ्यातल्या जिवाला हे नाव फार उशिरा मिळालं. १७४० च्या सुमारास अब्राहम ट्रेंबली या स्विस निसर्गअभ्यासकांनी नेदरलँड्समधल्या हेगजवळच्या पाण्यात हा जीव पाहिला. वनस्पती की प्राणी हे ठरवायला त्यांनी तो कापला, तर दोन्ही तुकड्यांचे दोन पूर्ण जीव झाले! हे प्रयोग १७४४ मध्ये छापून आले. हायड्राला मराठीत जलव्यालही म्हणतात.

मुलीला तो दाखवायचा असेल तर तळ्यातल्या पाणवनस्पतीची चार पानं तळ्याच्याच पाण्यासकट काचेच्या बरणीत घ्या आणि खिडकीत दोन-तीन तास न हलवता ठेवा. हायड्रा असेल तर काचेला चिकटून सेंटीमीटरभर लांब होतो. टोकाला तोंड, भोवती धाग्यासारखे पाच-सहा हात. काडी लावली की आखडून टाचणीच्या डोक्याएवढा होतो. नळाचं पाणी घालू नका, क्लोरीनने मरतो.

तळ्याची शंका मात्र अगदीच वायफळ नाही. साचलेल्या पाण्यात डुंबणाऱ्यांना रायनोस्पोरिडिओसिस नावाचा आजार होऊ शकतो. त्यात नाकात लालभडक, वर पांढरे ठिपके असलेली, स्ट्रॉबेरीसारखी गाठ येते आणि हात लागला की भळाभळा रक्त येतं. हा हायड्रा नव्हे, एक सूक्ष्मजीव आहे. साधा पॉलिप सहसा असा रक्ताळत नाही. तेव्हा सासऱ्यांना रक्त येतं का, एवढं विचारा.

प्रश्न (निपाणी): तंबाखूच्या वखारीत काम आहे. नाक कायम चोंदलेलं, वास येत नाही. बॅटरी मारून पाहिलं तर आत मांस वाढलेलं दिसतं. स्प्रे १५ दिवस मारला, गुण नाही.

उत्तर: बॅटरीच्या उजेडात जे गुलाबी मांस दिसतं ते बहुतेक वेळा टर्बिनेट असतं, म्हणजे नाकाच्या भिंतीची जन्मजात घडी. ती प्रत्येकालाच असते आणि बोट लागलं की दुखते. पॉलिप फिकट, करडा, ओला, सोललेल्या द्राक्षासारखा असतो, हलतो, दुखत नाही. खात्री दुर्बिणीनेच होते.

१५ दिवस फार थोडे झाले. स्टिरॉइडचा स्प्रे रोज नेमाने ८ ते १२ आठवडे मारल्यावरच त्याचं काय ते ठरवता येतं. शिवाय बहुतेकांचं मारणंच चुकतं. आधी नाक धुवा: उकळून कोमट केलेलं पाव लिटर पाणी, अर्धा चमचा मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा. न उकळलेलं पाणी नाकात नको. दहा मिनिटांनी बाटली हलवा, मान किंचित पुढे झुकवा. डाव्या नाकपुडीला उजवा हात आणि उजवीला डावा, म्हणजे नळीचं टोक आपोआप डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं. मधल्या पडद्यावर फवारलं तर रक्त येतं. जोराने ओढू नका. औषध घशात कडू लागलं तर ते पोटात गेलं, पॉलिपला लागलंच नाही.

नाक झटक्यात उघडणारे थेंब पाच दिवसांपेक्षा जास्त घालू नका, पुढे तेच नाक चोंदवतात. वखारीत मास्क लावा, धूळ त्रास वाढवते. दमा असेल आणि अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनने धाप लागत असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा. पॉलिपवाल्यांमध्ये ही जोडी आढळते आणि जिवावर बेतू शकते. चोंदणं एकाच बाजूला असेल तर स्प्रेवर वेळ न घालवता वाढीचा तुकडा काढून तपासून घ्या.

प्रश्न (अथणी): मूळव्याध समजून दोन वर्षं झाडपाला घेतला. शेवटी मोठ्या आतड्यात ८ मिलिमीटरचा पॉलिप निघाला, काढला. पुन्हा दुर्बीण कशाला?

उत्तर: पॉलिप हे आकाराचं नाव आहे, रोगाचं नाही. त्यामुळे काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा रिपोर्ट हातात घ्या. ‘अ‍ॅडिनोमा’ लिहिलं असेल तर तसा नवा उगवू शकतो आणि वर्षानुवर्षं राहिला तर त्याचा कर्करोग होऊ शकतो. पुढची तपासणी किती वर्षांनी, हे संख्या, आकार आणि प्रकारावर ठरतं. १० मिलिमीटर किंवा मोठा असेल तर साधारण ३ वर्षांनी. दुर्बिणीआधीचं जुलाबाचं औषध अर्धवट घेऊन आतडं घाण राहिलं असेल तर लवकरच, कारण तेव्हा लहान पॉलिप नजरेतून सुटतात. काढल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत रक्त जाऊ शकतं. जास्त गेलं तर लगेच दवाखाना गाठा. आणि चाळिशीनंतर शौचातून रक्त आलं की मूळव्याध धरून बसू नये, हे आमचं ठाम मत.

प्रश्न (बेळगाव): मंगळसूत्रातलं पोवळंही पॉलिपच का?

उत्तर: पॉलिपनं बांधलेलं घर. दागिन्याचं लाल पोवळं, कानडीतलं हवळ, प्रामुख्याने भूमध्य समुद्रातलं. लाल फांदीवर पांढरे, आठ-आठ हातांचे चिमुकले पॉलिप बसलेले असतात. मण्यात उरतो तो त्यांचा चुनखडीचा सांगाडा. फांदीची जाडी वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाही, म्हणून महाग. चुनखडीला आंबट चालत नाही. सोनं उजळायला चिंच किंवा लिंबू लावलं, सोनाराने तेजाबात बुडवलं, की पोवळ्याची चकाकी जाते. मणी आधी काढून घ्या, किंवा नुसत्या ओल्या मऊ कापडाने पुसा.