बाघजवळच्या चुनखडीतल्या 'काटक्या' फेनेस्टेलाच्या असू शकतात का?

तुमचा प्रश्न असा: मध्य प्रदेशातल्या बाघ लेण्यांकडे जाताना उचललेल्या चुनखडीत काडीएवढ्या फांद्या दिसतात, एक जण पोवळं म्हणतो, दुसरा फेनेस्टेला (समुद्रातल्या चिमुकल्या जिवांच्या जाळीदार वसाहतींचा एक नामशेष प्रकार). खरं कोण?

दोघंही नाहीत, असं मला फोटोवरून वाटतं. फेनेस्टेला तर वयातच बसत नाही. पर्मियन या भूवैज्ञानिक काळाच्या शेवटी, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, जो महाविनाश झाला त्यात फेनेस्टेलिडे या कुळाचा कणा मोडला. जवळचे उरलेसुरले नातलगही पुढे, लगेच नंतरच्या ट्रायासिक काळात संपले. बाघची चुनखडी क्रिटेशसमधली, म्हणजे साधारण ९ कोटी वर्षांची. तेव्हा पश्चिमेकडून समुद्र नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. आपल्या इंदूरखालचा काळा दगड त्याच्याही नंतरचा आणि लाव्हाचा, त्यात हे शोधूच नका.

पण तुमच्या हातात फेनेस्टेलाचा लांबचा भाऊबंद आहे: ब्रायोझोआ, म्हणजे वसाहत करून राहणारे पाण्यातले चिमुकले जीव; फेनेस्टेलाही त्यांतलीच. बाघच्या वरच्या थराला पुस्तकांत 'कोरलाइन लाइमस्टोन' म्हणतात, त्यामुळे पोवळ्याचा समज पसरतो; प्रत्यक्षात तो थर मुख्यतः ब्रायोझोआंच्या तुकड्यांचा आहे.

दहापट भिंगातून बघा. फांदीभर सगळीकडे सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतील. प्रत्येक भोक एका जिवाचं घर, तो मिलिमीटरपेक्षाही लहान. शुंडकं बाहेर काढून पाण्यातले कण खायचा, आणि शेजाऱ्यांसकट अख्खी वसाहत एकाच अळीपासून वाढलेली. पोवळ्याच्या कपात आतल्या बाजूने उभे पडदे असतात, इथे ते नसतात.

फेनेस्टेलाची घडण मात्र निराळी आणि माझ्या मते फार देखणी: चाळणीसारखी जाळी. बारीक उभ्या फांद्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, मध्ये चौकोनी फटी. घरांची तोंडं जाळीच्या एकाच अंगाला, प्रत्येक फांदीवर दोन रांगांत. पाणी त्या बाजूने ओढायचं, गाळायचं, फटींतून मागे सोडायचं. ती पाहायची तर काश्मीरच्या लिद्दर खोऱ्यातला कार्बोनिफेरस काळातला 'फेनेस्टेला शेल' (शेल म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला थरांचा दगड) प्रसिद्ध आहे.

आणि हो, कोणी दगड ॲसिडने उजळवायला सांगितलं तर ऐकू नका. फांद्याही चुन्याच्याच आहेत, दगडाबरोबर त्याही विरघळतील. साधं पाणी आणि जुना टूथब्रश पुरे.