प्रोक्रिएट या आयपॅडवरच्या चित्रं काढायच्या अ‍ॅपमध्ये रंग भरल्यावर रेषेच्या कडेला पांढरी किनार राहते, ती कशी घालवायची?

दोष रंगाचा नाही, रेषेच्या कडेचा आहे. झूम करून बघा: काळी रेष एकदम संपत नाही, कडेला अर्धपारदर्शक करडे पिक्सेल असतात. भरलेला रंग तिथेच अडतो आणि मागचा पांढरा डोकावतो.

प्रोक्रिएटमध्ये वरच्या उजव्या कोपऱ्यातला रंगाचा गोल आकृतीत ओढा, पण बोट लगेच उचलू नका. क्षणभर धरून ठेवलं की वर थ्रेशोल्डची, म्हणजे रंग किती पसरावा हे ठरवणारी, पट्टी दिसते. किनार भरेपर्यंत बोट हळूहळू उजवीकडे सरकवा. जास्त झालं तर अख्खा कॅनव्हास रंगतो, मग थोडं डावीकडे या. अगदी कमी थ्रेशोल्डलाही रंग बाहेर सांडत असेल तर रेषेत कुठेतरी फट आहे. खरखरीत पेन्सिल ब्रशने काढलेल्या रेषेत तर अशा फटी असतातच, तिथे हाताने रंगवणंच बरं.

खरं तर रंग रेषांच्या लेयरवर (चित्राच्या थरावर) टाकूच नये. त्या लेयरवर टॅप करून ‘रेफरन्स’ निवडा, म्हणजे दुसऱ्या लेयरवरचा रंगही याच रेषांची हद्द पाळतो; मग खाली नवा लेयर घ्या आणि रंग तिथे सोडा. रेषा शाबूत राहते, रंग नंतर बदलताही येतो. शेडिंग करताना रंगाच्या लेयरला अल्फा लॉक लावा, ब्रश आधी रंगवलेल्या भागाबाहेर जात नाही.