गालिचा, सतरंजी, जाजम : फरक आकाराचा की विणीचा?

विचारणा अशी आहे : जुन्या इराणी-तुर्की विणकामाच्या लिलावाची सूची मराठीत आणायची आहे. तीत 'कार्पेट', 'रग', 'किलीम' आणि 'जाजिम' असे शब्द येतात. मोठा तो गालिचा आणि लहान ती सतरंजी, असे केले तर चालेल का? आणि 'अँटिक'ला 'प्राचीन' म्हणावे का?

नाही चालणार. गालिचा आणि सतरंजी यांतला फरक विणीचा आहे. गालिच्यात ताण्याच्या उभ्या धाग्यांवर लोकरीच्या किंवा रेशमाच्या गाठी मारत जातात. गाठींची एक ओळ झाली की बाण्याचा आडवा धागा घालून ती ठोकून बसवतात. गाठींची टोके कातरली की वर लव उभी राहते. सतरंजीत गाठही नाही आणि लवही नाही, नुसता ताणा-बाणा. म्हणून ती दोन्ही अंगांनी सारखीच दिसते. गालिचा मात्र उलटा केला की पाठीवर गाठींचे दाणे दिसतात. लिलावाआधी माल पाहायला आलेला जाणकार आधी गालिच्याचा कोपरा उलटतो तो त्यासाठीच. गाठी किती दाट आहेत, रफू कुठे झाले आहे, दशा मूळच्या आहेत की मागाहून जोडल्या आहेत, हे सगळे पाठ सांगते. किलीम हा बिनलवेचा, म्हणजे सतरंजीच्या जातकुळीतला.

आपल्या बोलण्यात हा भेद पक्का मुरलेला आहे. हिरवळीला आपण गालिचा म्हणतो, कारण गवताला लव असते. हिरवळीला सतरंजी म्हटलेले मी कधी ऐकले नाही. सभा संपल्यावर कार्यकर्ते सतरंज्या उचलतात. गालिचे उचलायचे तर चार माणसे लागतील. आणि भांडणाऱ्या गटांना आणायचे असते ते एका जाजमावर, कारण जाजम हे मुळी चारचौघांनी बसायचेच अंथरूण.

आता 'रग'. गालिचा हा शब्द फारसी 'क़ालीचा'वरून आला. त्यातला 'चा' लहानपणा दाखवतो, जसा बागेवरून बगीचा. म्हणजे 'क़ाली' मोठी आणि 'क़ालीचा' लहान. तेव्हा मुळाकडे पाहिले तर 'रग'साठी गालिचाच शब्द हवा. आपल्याकडे मोठ्यासाठी वेगळा शब्द आला नाही; 'मोठा गालिचा' लिहावे आणि पुढे मापे द्यावीत. इराणी बाजारात मापांनाच नावे आहेत. 'झर' हे तिथले माप, मीटरहून थोडे जास्त. 'दोझर' म्हणजे दोन झर लांबीचा, 'झरोनीम' म्हणजे दीड झरचा. त्यातला 'नीम' आपल्या 'निम्मा'त आहेच. ही नावे सूचीत तशीच ठेवा.

'जाजिम'ला मात्र सरळ 'जाजम' लिहू नका. शब्द एकच, वस्तू वेगळी. तिकडचे जाजिम म्हणजे अरुंद पट्ट्या विणून एकमेकींना शिवलेले बिनलवेचे कापड, पांघरायलाही वापरतात. आपले जाजम जमिनीवर अंथरायचे सुती कापड.

एवढा काटेकोरपणा कशाला, असे वाटेल. पण सूचीतल्या वर्णनावरच बोली लागते. 2009 साली जर्मनीत आउग्सबुर्गला एका इराणी गालिच्याची किंमत 900 युरो अंदाजली होती. तो 20 हजार युरोंच्या आसपास गेला. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये क्रिस्टीज या लिलावसंस्थेने तोच गालिचा इराणमधल्या किरमानचा, 17व्या शतकातला म्हणून मांडला आणि तो 62 लाख पौंडांना विकला गेला. त्या वेळचा तो विक्रम. 2013 साली न्यूयॉर्कला सदबीज या लिलावसंस्थेच्या लिलावात दुसऱ्या एका किरमानी गालिच्याने तो मोडला : 3 कोटी 37 लाख डॉलर. तो जेमतेम पावणेतीन मीटर लांब होता. आकारावर नाव ठरवायचे तर त्याला सतरंजी म्हणावे लागले असते!

वरच्या नियमात न बसणारा एक नग आपल्या जवळचा आहे. खंडेराव गायकवाडांनी 1860च्या दशकात बडोद्याला करवून घेतलेला मोत्यांचा गालिचा 2009 साली दोह्याला 54 लाख डॉलरहून जास्त किमतीला विकला गेला. त्यात एकही गाठ नाही. रेशीम आणि हरणाच्या कातड्यावर बसरा मोत्यांचे भरतकाम आहे. विणीच्या हिशेबाने तो गालिचा नव्हे, पण त्याचे नाव रूढ झाले आहे, ते बदलू नये. वर्णनात 'भरतकाम' हा शब्द मात्र हवाच.

राहिले 'अँटिक'. या धंद्यात साधारण शंभर वर्षांपलीकडच्या मालाला तसे म्हणतात. 'प्राचीन' म्हटले की मराठी वाचक हजार-दोन हजार वर्षे मागे जातो. सैबेरियाच्या अल्ताई पर्वतात बर्फात टिकलेला पाझिरिकचा गालिचा इसवी सनापूर्वीचा आहे. 'प्राचीन' त्याला शोभते. 19व्या शतकातल्या मालाला 'जुना' म्हणा आणि शेजारी शतक लिहा.