सातवाहन राजे परकीयांकडे कसे पाहत? शत्रू म्हणूनच का?

नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. त्यात तिच्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, 'सक-यवन-पल्हव-निसूदन' म्हटलंय, म्हणजे शक (मध्य आशियातून आलेले), यवन (ग्रीक) आणि पल्हव (पार्थियन) यांचा संहार करणारा. एवढंच वाचलं तर वाटेल, परकीय दिसला की तलवार उपसायची. पण कार्ल्याच्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनागृहात, जा आणि खांबांवरची अक्षरं बघा. त्यातले काही खांब धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी दान दिलेत! त्या यवनांतल्या एकाचं नाव सिहधय, पक्कं इथलं. मला तर हा खांब त्या प्रशस्तीपेक्षा जास्त खरा वाटतो.

वैर होतं ते मुख्यतः सत्तेचं. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला 13 हजारांवर चांदीची नाणी सापडली, शक क्षत्रप (सुभेदार) नहपानाची. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. नाणी वितळवली नाहीत, तीच चालवली. आणि कान्हेरीच्या एका लेखावरून दिसतं, की पुढे शक राजा रुद्रदामनची मुलगी सातवाहनांची सून झाली. तरी याच रुद्रदामनने सातकर्णी नावाच्या एका सातवाहन राजाला दोनदा हरवलं, आणि जवळचं नातं म्हणून जिवंत सोडलं, असं त्याचाच जुनागढचा लेख सांगतो.